क्लाऊडवरचा गेम आणि आपल्याकडची लाईन : वाचकांचे प्रश्न

या खेपेला बरेच प्रश्न एकाच विषयावर आलेत, क्लाऊड गेमिंग, म्हणजे गेम आपल्या मशीनवर न टाकता इंटरनेटवरून खेळायचा. मी बेळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीची आणि घरोघरी नेटवर्क ओढायची कामं करतो, त्यामुळं जे सांगतोय ते इथल्या घरांत, इथल्या पावसात आणि इथल्या वायरींवर बघितलेलं आहे. जमतील तेवढे प्रश्न घेतो.

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. वर्षभर गेमिंग पीसीसाठी मागं लागलाय. दुकानात विचारलं तर ऐंशी हजाराच्या खाली कोणी बोलेना. आता म्हणतोय आई पीसी नको, क्लाऊडचं सबस्क्रिप्शन घे, आपल्या जुन्या लॅपटॉपवरच चालतंय. हे खरं का? पैसे बुडणार तर नाहीत ना?
— एक आई, शहापूर

उत्तर : ताई, मुलगा खोटं बोलत नाही. गेम चालवायला जे ताकदीचं मशीन लागतं ते कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असतं, कुठंतरी मुंबईत वगैरे. गेम तिथं चालतो आणि त्याचा व्हिडिओ तेवढा तुमच्या लॅपटॉपवर येतो. मुलानं बटण दाबलं की ती खूण तिकडं जाते, तिकडं गेममधला माणूस उडी मारतो आणि उडीचं चित्र परत इकडं येतं. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत व्हायला पाहिजे, मग खेळणाऱ्याला कळतसुद्धा नाही की मशीन दुसरीकडं आहे.

फायदा मोठा आहे आणि तो मी मनापासून मानतो. ज्या घरात ऐंशी हजार एकदम काढणं शक्य नाही त्या घरातल्या पोराला चांगले गेम खेळायला मिळतात, हे आधी होत नव्हतं. आजचे मोठे गेम शंभर-शंभर जीबीचे, जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवर मावत पण नाहीत. इथं डाउनलोड नाही, अपडेटसाठी रात्रभर लॅपटॉप चालू ठेवणं नाही. आणि विजेचं बघा, गेमिंग पीसी जोरात चालला की चारशे-पाचशे वॅट सहज खातो, साधा लॅपटॉप पन्नासच्या आसपास. तुमच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप तासन् तास चालेल, तो पीसी नाही चालणार.

पण पैसे देण्याआधी मुलाला एक विचारा, तुला नक्की कुठला गेम खेळायचाय? कारण या सर्व्हिस दोन जातीच्या असतात आणि लोक इथंच गोंधळतात. एका जातीत तुम्ही फक्त मशीन भाड्यानं घेता, जीफोर्स नाऊ हे त्यातलं, गेम तुमचा तुम्ही स्टीम किंवा एपिकच्या ऑनलाईन दुकानातून वेगळा विकत घ्यायचा. दुसऱ्या जातीत वाचनालयासारखं, महिन्याची वर्गणी भरा आणि कपाटात जे आहे ते खेळा, एक्सबॉक्स गेम पास हे त्यातलं, त्यांचं क्लाऊड गेमिंग २०२५ च्या शेवटी भारतात सुरू झालंय. मुलाच्या मनातला गेम त्या कपाटात नसेल तर वर्गणी भरून उपयोग काय? आणि तो जर बीजीएमआय, म्हणजे पबजीच्या भारतातल्या गेमबद्दल बोलत असेल तर त्याला क्लाऊड लागतच नाही, तो फोनवरच चालतो.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका, कितीही सूट दाखवली तरी. एक महिना घ्या, त्या महिन्यात परीक्षा नको. रोज संध्याकाळी तो खेळताना दहा मिनिटं शेजारी बसा, चित्र अडखळतंय का, तो चिडतोय का, ते तुम्हालाच दिसेल. महिना नीट गेला तर पुढचा. नाही गेला तर काही शे रुपयांत कळलं, ऐंशी हजार वाचले.

प्रश्न : आमच्याकडं फायबर आहे, ४० एमबीपीएसचा प्लॅन, स्पीड टेस्ट केली की ३८-३९ येतंय. पिक्चर एकदम मस्त चालतात. पण क्लाऊडवर गेम लावला की दर दोन-तीन मिनिटांनी अडकतंय, माणूस एका जागी थिजतो आणि मग एकदम मरूनच पडलेला दिसतो. प्लॅन वाढवू का १०० चा?
— डिप्लोमाचा विद्यार्थी, खानापूर तालुका

उत्तर : प्लॅन वाढवू नकोस बाळा, थांब जरा. तुझा स्पीड पुरेसा आहे. जीफोर्स नाऊवाले स्वतः सांगतात की ७२० पिक्सेलला १५ एमबीपीएस आणि १०८० ला २५ लागतं. तुझ्याकडं ३८ आहे. अडचण स्पीडची नाही, लाईन स्थिर नाही ही आहे, आणि माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ तक्रारी याच असतात.

पिक्चर चालतो आणि गेम का नाही, हे आधी समजून घे. पिक्चरचा पुढचा अर्धा-एक मिनिट आधीच उतरवून ठेवलेला असतो, मधे लाईन पाच सेकंद गेली तरी तुला पत्ता लागत नाही. गेमचं तसं ठेवताच येत नाही, कारण पुढचं चित्र काय असणार ते तुझ्या बोटावर आहे, तू डावीकडं वळणार की उजवीकडं हे तू बटण दाबेपर्यंत कोणालाच माहीत नाही. म्हणून प्रत्येक चित्र ताजं बनतं आणि ताजंच यावं लागतं. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एकेक चित्र साधारण १७ मिलिसेकंदांचं. लाईन अर्धा सेकंद गचकली की ३० चित्रं गेली, आणि तेवढ्यात तुझा माणूस गेला.

आता गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. वडगावात एका घरी गेलो होतो, पुढच्या खोलीत पॉवरलूम, मागं राहणं. पोराची हीच तक्रार. राउटर कुठं, तर लोखंडी कपाटाच्या मागं, खाली जमिनीवर, वर साड्यांचं गाठोडं. पोरगा बसायचा माडीवर. मी काय केलं, लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि पिंग लावून ठेवला, म्हणजे एक छोटी खूण पाठवायची आणि उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पिंग लिहायचं, मग ८.८.८.८, हा गूगलचा पत्ता, मग डॅश टी, एंटर. एकेक ओळ पडत जाते आणि शेवटी मिलिसेकंदांचा आकडा येतो. तर आकडे काय यायला लागले, २८, ३१, २४०, २९, ३१०, मधेच रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे उत्तरच नाही, परत ३०. मग पंधरा मीटरची लॅन केबल पिशवीतून काढली, खिडकीतनं वर नेली, लॅपटॉपला लावली आणि वायफाय बंद केलं. २७, २८, २७, २७, २८. पोरगा माझ्याकडं बघायलाच लागला. प्लॅन तोच, कंपनी तीच, खर्च काय तो केबलचा. अजून एक बाकी होतं, लूम चालू केला की व्होल्टेज पडून राउटर रीस्टार्ट व्हायचा, त्याला राउटरचा छोटा यूपीएस बसवला, बारा व्होल्टचा, हातात मावतो एवढा.

तर तू पण हेच कर. रात्री नऊ ते दहा, जेव्हा सगळी गल्ली नेटवर असते, तेव्हा वायफायवर दहा मिनिटं पिंग लाव, मग कंट्रोल आणि सी दाबून थांबव, खाली किती पॅकेट, म्हणजे पाठवलेल्या खुणा, हरवले आणि कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी किती ते लिहून येतं. मग केबलवर परत. केबलवर आकडे एका रांगेत आले तर दोष तुझ्या वायफायचा. केबल ओढणं शक्य नसेल तर निदान राउटर उघड्यावर उंच ठेव आणि वायफायच्या ५ गिगाहर्ट्झवाल्या नावाला जोड, २.४ वाल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी गर्दी असते. फक्त ५ वालं भिंतीतून कमी जातं, आपल्याकडच्या जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी चिऱ्याच्या भिंती असतील तर त्याच खोलीत बसावं लागेल.

केबलवर पण आकडे उड्या मारत असतील तर घरात दुसरं कोणी त्या वेळी काही अपलोड करतंय का बघ. फोन रात्री फोटोंचा बॅकअप घ्यायला लागला की अपलोडची वाट भरून जाते आणि तुझ्या बटणाची खूण त्या रांगेत मागं अडकते. तेही नसेल तर मग दोष बाहेरच्या लाईनीचा. तुमच्या भागात जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो ते तुला मी काय सांगणार, झाडाची फांदी पडली की विजेच्या तारेबरोबर फायबर पण जातं, आणि खांबावर घाईघाईत जोडलेला जॉइंट ओला झाला की लाईन जात नाही पण अशी उचकी देत राहते. लाईनमनला नुसतं नेट स्लो आहे म्हणून सांगितलं तर तो स्पीड टेस्ट करून निघून जातो. पिंगच्या आकड्यांचा फोटो दाखव, इतके पॅकेट हरवतायत म्हणून सांग, मग त्याला बॉक्स उघडावाच लागतो.

आणि एक आपल्या भागाचं. बेळगावहून मुंबई साधारण पाचशे किलोमीटर आणि बेंगळुरूही साधारण तेवढंच, आपण बरोबर मधे. पण अंतराची काळजी करू नका, फायबरमधून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, पाचशे किलोमीटर जाऊन यायला पाच मिलिसेकंद. वेळ जातो तो वाटेतल्या नाक्यांवर आणि वळशात, सर्व्हर मुंबईत असला तरी तुमची लाईन आधी बेंगळुरूला जाऊन मग मुंबईला गेलेली मी पुष्कळदा बघितलीय. म्हणून एकाच गल्लीत दोन कंपन्यांच्या लाईनींवर पिंगमध्ये पंधरा-वीसचा फरक पडतो. शेजाऱ्याकडं दुसरी कंपनी असेल तर लॅपटॉप घेऊन जा, चहा घ्या आणि दहा मिनिटं पिंग लावून बघा. पिंग ४० च्या आत असेल तर छान, ८० च्या वर असेल तर क्लाऊडच्या नादाला लागू नका.

प्रश्न : घरी वायफाय नाही, मोबाईलवर रोजचा २ जीबी डेटा आहे. त्यावर क्लाऊड गेम होईल का अण्णा?
— निपाणीहून

उत्तर : नाही होणार, हिशोब बघ. १५ एमबीपीएसनं खेळलास तर तासाला जवळपास पावणेसात जीबी जातात. तुझे २ जीबी अठरा मिनिटांत संपले. चित्र अगदी खराब करून १० वर आणलंस तरी सत्तावीस मिनिटं. आणि कोगनोळी, कागल या सीमेवरच्या पट्ट्यात फोन कधी इकडचा टॉवर धरतो कधी तिकडचा, टॉवर बदलला की गेम गचकतो. अनलिमिटेड ५जी असेल आणि घरात पक्की रेंज असेल तर एक वेळ बघता येईल, नाहीतर फोनवर डाउनलोड होणारे गेम खेळ, त्यांना नेट अगदी थोडं लागतं.

प्रश्न : मी उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, वय चौतीस. लहानपणी सीडीवरचे गेम खेळायचो, त्या सीड्या अजून कपाटात आहेत. आता परत खेळावंसं वाटतंय, रविवारी तासभर. क्लाऊडवर घेतलेला गेम असाच दहा वर्षांनी राहील का?
— उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, नाही. आणि या जागी मला क्लाऊडचा सगळ्यात जास्त राग येतो.

गूगलसारख्या कंपनीनं नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टेडिया नावाचं क्लाऊड गेमिंग काढलं, भारतात ते आलंच नाही पण परदेशात लोकांनी त्यावर पूर्ण किमतीला गेम विकत घेतले. १८ जानेवारी २०२३ ला ते बंद. गूगलनं गेमचे आणि त्यांच्या दुकानातून घेतलेल्या कंट्रोलरचे पैसे परत दिले हे खरं, तेवढं त्यांनी चांगलं केलं. पण एखाद्यानं दोन वर्षं रोज थोडं थोडं खेळून जिथवर मजल मारली होती, त्यातलं पुष्कळ गेलं ते गेलंच, त्याचे पैसे कोण देणार? त्याच्याही आधी ऑनलाईव्ह नावाची सर्व्हिस होती, २०१० ला सुरू झाली, एप्रिल २०१५ अखेर बंद, तिचे पेटंट सोनीनं घेतले. आणि सर्व्हिस चालू असली तरी गेम जाऊ शकतो, २०२० मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड आणि बेथेस्डा या दोन मोठ्या कंपन्यांनी आपले गेम जीफोर्स नाऊवरून काढून घेतले होते. लोकांकडं गेम विकत घेतलेला, पण त्या भाड्याच्या मशीनवर चालेना.

तुमच्या कपाटातल्या सीडीला मात्र कोणी हात लावू शकत नाही. ओरखडा पडेल, ड्राइव्ह मिळणार नाही, पण कुठल्या कंपनीच्या मीटिंगमध्ये ठरून ती एका सकाळी रिकामी होणार नाही. आता डाउनलोड करून घेतलेला प्रत्येक गेम तसा सुरक्षित असतो असंही नाही, द क्रू नावाचा गाड्यांच्या रेसचा गेम कंपनीनं ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद करून संपवला, ज्यांच्याकडं डिस्क होती त्यांचाही. म्हणून विकत घेताना एवढंच बघायचं की नेट नसताना तो चालतो का.

तुम्हाला रविवारचा तासभर पाहिजे ना, मग माझं मत असं. नवीन मोठा गेम एकदा खेळून संपवायचाय, गोष्टीचा गेम आहे, तर एक-दोन महिने क्लाऊडची वर्गणी भरा, खेळा आणि बंद करा, थेटरात जाऊन पिक्चर बघितल्यासारखं. जो गेम जवळ ठेवावासा वाटतो तो जीओजीच्या साईटवरून घ्या, तिथं जुने गेम पुष्कळ आहेत, इन्स्टॉल करायची फाईल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येते, तुमच्या त्या सीड्यांच्याच शेजारी. जुना लॅपटॉप त्यांना पुरतो.

आणि एक, टीव्हीवर खेळणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात स्वतःच उशीर लावतो आणि आपण शिव्या नेटला घालतो.

प्रश्न : ऑनलाईन गेमवर सरकारनं बंदी घातलीय म्हणतात. नातवानं हे क्लाऊडचं घेतलं तर घरात काही लफडं तर होणार नाही ना?
— एक आजोबा, येळ्ळूर

उत्तर : आजोबा, निर्धास्त राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये जो कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, म्हणजे पैसे टाका आणि जिंकून पैसे काढा, तसल्या ॲपवर. वर्गणी भरून नुसता खेळायचा गेम त्यात येत नाही. फक्त नातवाच्या खात्याला तुमचं कार्ड कायमचं जोडून ठेवू नका, कारण दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात आणि खेळ बंद केला तरी कापायचे थांबत नाहीत. युपीआयचा ऑटो-पे दिला असेल तर ॲपमध्ये मॅन्डेट म्हणून जागा असते, तिथनं तो रद्द करता येतो, नातवाकडूनच करून घ्या.

प्रश्न : दादा, आमच्या घरी माझ्या भावाचा गेमिंग पीसी आहे, तो आता पुण्याला नोकरीला गेला आणि पीसी माडीवर नुसता धूळ खात पडलाय. मला खाली हॉलमध्ये टीव्हीवर खेळायचंय आणि भाऊ म्हणतोय मला पण पुण्यातनं तोच पीसी वापरता येईल का. हे पण क्लाऊडच का?
— बीकॉमची विद्यार्थिनी, हिंडलगा

उत्तर : या खेपेचा हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न. हे क्लाऊडसारखंच आहे, फक्त मशीन कंपनीचं नाही, तुमच्या माडीवरचं. आणि एका पैशाची वर्गणी नाही.

पीसीवर स्टीम असेल तर फोनवर किंवा अँड्रॉइड टीव्हीवर स्टीम लिंक नावाचं फुकट ॲप टाक, दोन्ही एकाच राउटरवर असले की ते एकमेकांना शोधतात, स्क्रीनवर आलेला आकडा पीसीवर टाकायचा की झालं. दुसरा मार्ग मूनलाईट आणि सनशाईन, सनशाईन पीसीवर, मूनलाईट टीव्हीवर, तेही फुकट, थोडं किचकट आहे पण चित्र छान येतं. पीसीपासून राउटरपर्यंत मात्र केबलच पाहिजे, टीव्हीकडं चांगलं ५ गिगाहर्ट्झ चालेल. घरातल्या घरात असल्यामुळं बाहेरचं नेट गेलं तरी राउटर चालू आहे तोवर पीसी आणि टीव्हीचं जमतं, नेट न लागणारा गेम असेल तर. खानापूरच्या त्या मुलाला वर बाहेरच्या लाईनीचं जे सांगितलं ते इथं लागूच होत नाही, पिंग सहसा दोन-चारच्या पुढं जात नाही.

भावाचं मात्र वेगळं आहे. तो पुण्यातनं खेळणार म्हणजे व्हिडिओ तुमच्या घरातून बाहेर जाणार, त्यासाठी डाउनलोड नाही अपलोड स्पीड लागतो, आणि पुष्कळ प्लॅनमध्ये तो कमी दिलेला असतो. आधी स्पीड टेस्टमधला दुसरा आकडा बघ, २० च्या वर असेल तर करून बघण्यासारखं आहे. काही कंपन्या गल्लीतल्या सगळ्या घरांना बाहेरून इंटरनेटचा एकच पत्ता देतात, तसं असेल तर बाहेरून थेट जोडणी होत नाही, स्टीम लिंक त्यातूनही बहुतेक वेळा वाट काढतं, मूनलाईटला वेगळी जोडणी करावी लागते. पीसी त्यानं खेळायच्या वेळी चालू असायला पाहिजे, म्हणजे कोणीतरी माडीवर जाऊन बटण दाबायला पाहिजे, ते तुझ्याकडंच येणार. आणि दोघांना एका वेळी एकच पीसी, त्यामुळं वार आधी वाटून घ्या, रविवार तुला पाहिजे असेल तर आत्ताच सांगून टाक.

पहिल्यांदा चालू करायच्या आधी कॅबिनेटचं झाकण काढून धूळ ब्लोअरनं उडवून घे, पंखे बोटानं धरून ठेवून, नाहीतर ते उलटे जोरात फिरून बिघडतात. बरेच दिवस बंद पडलेला पीसी तसाच चालू केला की गरम होऊन मधेच बंद होतो, आणि मग तू परत मला लिहिशील की टीव्हीवर गेम अडकतोय म्हणून.